पाठीत लागलेले छर्रे : टोनी मार्टिन खटल्याचा अभ्यास

२० ऑगस्ट १९९९ च्या रात्री इंग्लंडमधल्या नॉरफक काउंटीत, एम्नेथ हंगेट या खेड्याजवळच्या 'ब्लीक हाउस' नावाच्या शेतघरात दोघे जण चोरीसाठी शिरले. घरमालक टोनी मार्टिन हा ५४ वर्षांचा, एकटा राहणारा शेतकरी. तो घरातच होता. त्याने पंप-ॲक्शन शॉटगनमधून अंधारात तीन बार काढले. दोघांपैकी मोठा होता तो पायांत छर्रे घुसून जबर जखमी झाला, तरी खिडकीची चौकट उखडून बाहेर पडला आणि कसाबसा शेजाऱ्याच्या घरापर्यंत पोचला. दुसरा १६ वर्षांचा मुलगा होता. त्याच्या पाठीत छर्रे लागले. तोही बाहेर पडला, पण घराजवळच्या झाडोऱ्यात कोसळून मेला. मृतदेह सापडला तो दुसऱ्या दिवशी.

एप्रिल २००० मध्ये नॉर्विच क्राउन कोर्टात ज्यूरीने १० विरुद्ध २ मतांनी मार्टिनला खुनाबद्दल दोषी ठरवले. जन्मठेप झाली. मृताच्या साथीदाराला हेतुपूर्वक जखमी केल्याबद्दल १० वर्षे आणि बेकायदा बंदूक बाळगल्याबद्दल १२ महिने अशा शिक्षा वेगळ्या. ऑक्टोबर २००१ मध्ये अपील न्यायालयाने खुनाऐवजी मनुष्यवधाचा दोष कायम केला आणि जन्मठेपेच्या जागी ५ वर्षांची कैद दिली, जखमी केल्याबद्दलची शिक्षाही कमी केली. २८ जुलै २००३ रोजी तो सुटला. वाचलेल्या चोराला घरफोडीच्या कटाबद्दल तीन वर्षांची शिक्षा झाली होती. त्याने पुढे मार्टिनवर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावला आणि नंतर मागे घेतला.

वर्तमानपत्रांत आणि संसदेत वाद रंगला तो एकाच प्रश्नावर : स्वतःच्या घरात, रात्री, चोर शिरल्यावर माणसाने करायचे तरी काय? प्रश्न रास्त आहे. पण खटल्यात निकाल ठरला तो दुसऱ्याच प्रश्नावर. घर कोणाचे होते याबद्दल कोणाचे दुमत नव्हतेच. प्रत्येक बार सुटला त्या क्षणी मार्टिन कुठे उभा होता, समोरचा कुठे तोंड करून होता आणि मार्टिनला कशाची भीती वाटत होती, एवढ्यावर सगळे आले. घुसखोरावर प्राणघातक बळ वापरल्याची जवळजवळ सगळी प्रकरणे शेवटी याच जागी येऊन थांबतात. म्हणून हे प्रकरण तपशिलात पाहण्यासारखे आहे.

घर, बंदूक आणि आधीचा इतिहास

ब्लीक हाउस मोडकळीला आले होते. भिंतींवर वेल चढलेले, आत अडगळ. मार्टिनकडे याआधीही चोऱ्या झाल्या होत्या आणि पोलीस काही करत नाहीत अशी त्याची पक्की समजूत झाली होती. तो अंगावरच्या कपड्यांत, पायात बूट घालूनच झोपायचा. जिन्याच्या काही पायऱ्या त्याने काढून टाकल्या होत्या. लांब वस्तीवर एकट्या राहणाऱ्या माणसाची ही भीती खोटी नव्हती. ग्रामीण भागात पोलीस पोचायला वेळ लागतो, हे त्याच्या समर्थकांचे म्हणणेही खरेच होते.

पण याच गोष्टींना दुसरी बाजूही आहे. घराची अशी रचना पाहून सरकारी वकील 'हा सावध होता' असे म्हणत नाहीत, 'हा टपून बसला होता' असे म्हणतात. तयारी आणि पूर्वनियोजन यांच्यातली रेघ बारीक असते. दाराला जास्तीचा अडसर किंवा अंगणात दिवा लावला तर तो बचाव. चोर आत आल्यावर त्याला परतीची वाट उरू नये अशी मांडणी केली, तर ती ज्यूरीला सापळ्यासारखी दिसते.

बंदुकीची बाजू तर आणखी कमकुवत होती. मार्टिनचा शॉटगनचा परवाना १९९४ मध्येच रद्द झाला होता. सफरचंदे चोरायला आलेल्या माणसाच्या गाडीवर त्याने गोळी झाडली होती म्हणून. शिवाय ही बंदूक साध्या शॉटगन परवान्यात बसणारीच नव्हती. इंग्लंडमध्ये १९८८ च्या दुरुस्तीनंतर मॅगझिनमध्ये दोनपेक्षा जास्त काडतुसे मावणाऱ्या शॉटगनला वेगळे, कडक अटींचे प्रमाणपत्र लागते. बेकायदा हत्यार वापरले म्हणून स्वसंरक्षणाचा हक्क बुडत नाही, ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. तो वेगळा गुन्हा, त्याची शिक्षा वेगळी. मात्र साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आरोपीच्या शब्दाला जे वजन लागते ते अशा बंदुकीने कमी होते, आणि स्वसंरक्षणाच्या खटल्यात बहुतेक वेळा आरोपीचा शब्द हाच मुख्य पुरावा असतो.

जिना की तळमजला

मार्टिनचे म्हणणे असे : तो वर झोपला होता, खालून आवाज आले, बंदूक घेऊन तो जिन्यावर आला, कोणीतरी त्याच्या तोंडावर टॉर्च मारला, तो घाबरला आणि त्याने बार काढले. सरकार पक्षाचे म्हणणे : तो अंधारात खालीच जागा होता, त्याने दोघांना कोंडीत धरले आणि पळू पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या.

फरक काही पावलांचा, पण त्यावर सगळा खटला उभा होता. जिन्यावर, तोंडावर उजेड पडलेला माणूस हल्ल्याच्या भीतीखाली आहे असे मानता येते. तळमजल्यावर, दाराशी, पाठमोऱ्या माणसावर नेम धरणाऱ्याबद्दल तसे मानणे अवघड.

अशा वेळी न्यायवैद्यक तज्ज्ञ काय पाहतात? शॉटगनच्या काडतुसातले छर्रे नळीतून एकत्र निघतात आणि पुढे पसरत जातात. ढोबळ हिशेब दर मीटरला अडीच-तीन सेंटीमीटर फैलावाचा. पण नळीचे तोंड किती आवळलेले आहे आणि काडतूस कोणते आहे यावर तो बदलतो, म्हणून तीच बंदूक आणि तसलीच काडतुसे घेऊन वेगवेगळ्या अंतरांवरून चाचणी-बार काढून ताडून पाहावे लागते. भिंतीत, चौकटीत, फर्निचरमध्ये रुतलेल्या छऱ्यांचे कोन मोजून रेषा मागे नेली की नळी कुठे होती याचा अंदाज येतो. रिकामी काडतुसे कुठे पडली तेही पाहतात, पण ती पायाने उडतात, घरंगळतात, म्हणून त्यांच्यावर फार भिस्त ठेवत नाहीत. जखमेची दिशा शवविच्छेदनातून कळते.

इथे एक सावधगिरी हवी. पाठीत गोळी म्हणजे आपोआप खून, हे खरे नाही. बोट घोड्यावर आवळले जात असताना समोरचा माणूस अर्ध्या सेकंदाच्या आसपास पूर्ण वळू शकतो. त्यामुळे झाडणाऱ्याच्या नजरेसमोर छाती असताना घेतलेला निर्णय पाठीवर जाऊन आदळू शकतो. एका बाराच्या बाबतीत हा खुलासा पटतो. पंप-ॲक्शन बंदुकीत मात्र दर बारानंतर पुढचा दांडा हाताने मागे-पुढे ओढावा लागतो, तेव्हाच रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत जाते. म्हणजे दुसरा आणि तिसरा बार हे वेगवेगळे निर्णय होतात. आणि प्रत्येक निर्णयाचे समर्थन स्वतंत्रपणे द्यावे लागते.

सरकार पक्षाच्या तज्ज्ञ पुराव्याचा रोख मार्टिन खाली होता असा होता. अपिलात बचाव पक्षाने जिन्याच्या बाजूने नवा तज्ज्ञ पुरावा मांडला, पण तो निकाल फिरवू शकला नाही. ज्यूरीने मार्टिनची साक्ष स्वतः ऐकली होती आणि तिला ती पटली नव्हती, हे अपील न्यायालयाने मान्य केले.

गोळीबारानंतरचे त्याचे वागणेही विरोधात गेले. त्याने पोलिसांना फोन केला नाही. बंदूक आईच्या घरी ठेवली, रात्र हॉटेलात काढली, तिथेच त्याला अटक झाली. आपली गोळी कोणाला लागली हेच माहीत नव्हते, असे त्याचे म्हणणे. ते खरे असेलही. पण ज्या माणसावर नुकताच जिवावरचा हल्ला झाला, तो सर्वांत आधी मदत मागतो, अशी सामान्य माणसाची अपेक्षा असते आणि ज्यूरीत सामान्य माणसेच बसतात.

दोन कसोट्या

त्या वेळचा इंग्रजी कायदा समजायला सोपा होता. १९६७ च्या क्रिमिनल लॉ ॲक्टचे कलम ३ आणि त्याआधीपासूनचा न्यायालयीन पायंडा मिळून दोन प्रश्न विचारले जात. पहिला : बळ वापरणे गरजेचे आहे असे आरोपीला प्रामाणिकपणे वाटले का? इथे त्याची समजूत चुकीची असली तरी चालते. ती खरी, मनापासूनची असावी लागते. दुसरा : त्याला जशी परिस्थिती वाटली तशी ती धरून चालले, तर वापरलेले बळ वाजवी होते का? हे मात्र ज्यूरी बाहेरून, समंजस माणसाच्या मापाने ठरवते.

या दुसऱ्या मापात सवलत आहे. १९७१ च्या पामर खटल्यात लॉर्ड मॉरिस यांनी सांगितले की हल्ल्याला तोंड देणारा माणूस आपल्या प्रतिकाराचे नेमके माप काट्यावर तोलू शकत नाही, आणि घटकाभरात त्याने जे प्रामाणिकपणे, उपजत बुद्धीने गरजेचे मानले ते वाजवी असल्याचा फार प्रबळ पुरावा ठरतो. शिवाय इंग्लंडमध्ये स्वसंरक्षण सिद्ध करण्याचा भार आरोपीवर नसतो. ते स्वसंरक्षण नव्हते हे सरकार पक्षाला वाजवी संशयापलीकडे सिद्ध करावे लागते. एवढी उदार कसोटी असूनही दहा जणांनी मार्टिनला दोषी मानले, हे त्या निकालाबद्दल बोलताना विसरले जाते.

खरी अडचण पुढची होती. कसोटी पार झाली तर आरोपी पूर्ण निर्दोष. नाही झाली, आणि ठार मारण्याचा किंवा जबर इजा करण्याचा हेतू दिसला, तर थेट खून आणि सक्तीची जन्मठेप. मध्ये पायरीच नाही. हक्क होता पण मर्यादा ओलांडली, अशा माणसासाठी वेगळा दोष नव्हता. १९९५ च्या क्लेग खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, हे उघडच मान्य केले होते. उत्तर आयर्लंडमध्ये एका सैनिकाने अंगावर आलेल्या गाडीवर चार गोळ्या झाडल्या होत्या. गाडी पुढे निघून गेल्यावर झाडलेली चौथी गोळी त्याला खुनापर्यंत घेऊन गेली. नियम कठोर आहे, बदलायचा तर संसदेने बदलावा, असे लॉर्ड्सनी म्हटले. त्या सैनिकाची दोषसिद्धी पुढे १९९८ मध्ये रद्द झाली आणि फेरखटल्यात तो खुनातून सुटला, पण नियम तसाच राहिला.

या पोकळीचा परिणाम मार्टिनच्या अपिलात स्पष्ट दिसतो. लॉर्ड वूल्फ यांच्या अध्यक्षतेखालच्या पीठाने स्वसंरक्षणाचा मुद्दा फेटाळला. मार्टिनला विकृत संशयग्रस्त व्यक्तिमत्त्वाचा आजार आहे, त्याला धोका इतरांपेक्षा मोठा भासतो, म्हणून वाजवीपणाचे माप त्याच्या मनाप्रमाणे बदलावे, असा युक्तिवाद होता. न्यायालयाने नकार दिला. अगदी अपवादात्मक परिस्थिती सोडली तर मानसिक आजार वाजवीपणा ठरवताना धरता येणार नाही. मात्र तोच आजार, जोडीला नैराश्य, यांच्या आधारे त्याची मानसिक जबाबदारी कमी झाली होती हे मान्य करून खुनाऐवजी मनुष्यवध असा दोष दिला.

हा निकाल मानवी होता, पण वाट वाकडी होती. 'तू घाबरून अति केलेस' असे सांगायला कायद्यात जागा नव्हती, म्हणून 'तू आजारी आहेस' असे सांगावे लागले. घर राखणाऱ्या भेदरलेल्या माणसाला वेडाचा शिक्का घेतल्याशिवाय मधली शिक्षा मिळू नये, ही त्या कायद्याची उणीवच होती. २००९ च्या कायद्याने ती थोडी भरून काढली. ऑक्टोबर २०१० पासून गंभीर हिंसेच्या भीतीने ताबा सुटला असेल तर खुनाचा दोष मनुष्यवधावर येऊ शकतो.

नंतर बदललेला कायदा

२००५ मध्ये इंग्लंडच्या अभियोग खात्याने आणि पोलीसप्रमुखांनी मिळून घरमालकांसाठी पत्रक काढले. त्याच सुमारास जुन्या नोंदी चाळल्या तेव्हा मागच्या १५ वर्षांत घुसखोरावर बळ वापरल्याबद्दल खटले भरले गेल्याची अवघी ११ प्रकरणे सापडली. त्यातल्या एकात तर दबा धरून बसलेल्या माणसाने घुसखोराला मारहाण करून खड्ड्यात टाकले आणि पेटवले होते. घराचे रक्षण केले म्हणून लोक तुरुंगात जातात, या समजुतीला आकड्यांचा आधार नव्हता.

तरीही मागणी थांबली नाही. २५ एप्रिल २०१३ पासून घरमालकासाठी वेगळा निकष लागू झाला : बळ 'अगदीच प्रमाणाबाहेर' असेल तरच ते हमखास अवाजवी. नुसते प्रमाणाबाहेर असेल तर दार आपोआप बंद होत नाही. अटी नेमक्या आहेत. बळ राहत्या इमारतीत, किंवा निदान अंशतः तिच्या आत असताना वापरलेले हवे. वापरणारा स्वतः अतिक्रमण करणारा नसावा. समोरचा घुसखोर आहे अशी त्याची समजूत हवी. आणि हेतू स्वतःला किंवा दुसऱ्या कोणाला वाचवण्याचा हवा, नुसत्या मालमत्तेसाठी ही सवलत नाही. चोर रस्त्यावर पळाला आणि मागे धावत जाऊन त्याला झोडपले, तर हे कलम हाती लागत नाही.

२०१६ च्या कॉलिन्स प्रकरणात उच्च न्यायालयाने आणखी एक गैरसमज दूर केला. बळ अगदीच प्रमाणाबाहेर नव्हते एवढ्याने आरोपी सुटत नाही. त्यानंतरही ते परिस्थितीत वाजवी होते का, हे ज्यूरीने विचारायचेच असते. ही दुसरी पायरी आहे म्हणूनच जगण्याच्या हक्काशी कायद्याचा मेळ बसतो, असे न्यायालयाने ठरवले.

मार्टिनला २०१३ चा कायदा मिळाला असता तर? आमच्या मते ज्यूरीला ठरवायला जास्त वेळ लागला असता. पण तो खाली उभा राहून पळणाऱ्यांवर बार काढत होता असे एकदा मानले, की निकष कितीही सैल असो, पहिलीच कसोटी तुटते. स्वतःला धोका आहे ही समजूतच तिथे उरत नाही.

हीच घटना भारतीय कायद्याखाली

मराठी वाचकाला हा भाग चकित करेल, कारण कागदावर आपला कायदा घरमालकाला इंग्लंडपेक्षा जास्त देतो. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये खासगी संरक्षणाचा हक्क आहे (भारतीय दंड संहितेत तो ९६ ते १०६ मध्ये होता). कलम ४१ नुसार सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी झालेल्या गृहभेदनाविरुद्ध मालमत्तेचे रक्षण करताना प्राण घेण्यापर्यंत हा हक्क जातो. आणि कलम ४३ नुसार असे गृहभेदन करून सुरू झालेले गृह-अतिक्रमण चालू आहे तोवर हा हक्क टिकतो. मार्टिनचे दोन्ही चोर रात्री खिडकीतून शिरले होते आणि बार सुटले तेव्हा घरातच होते. इंग्लंडमध्ये त्याच्या आड आलेली 'ते तर निघाले होते' ही अडचण इथे तेवढी निर्णायक ठरली नसती.

पण गृहभेदन कशाला म्हणायचे ते आधी पाहावे लागते. कुलूप तोडून, भिंत चढून, खिडकीतून किंवा माणसांच्या ये-जा करण्यासाठी नसलेल्या वाटेने आत येणे म्हणजे गृहभेदन. उघड्या दारातून आत येणे हे नुसते गृह-अतिक्रमण. त्यात किंवा साध्या चोरीत प्राण घेण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. प्रतिकार केला नाही तर मृत्यू किंवा जबर दुखापत होईल अशी वाजवी धास्ती दाखवावी लागते. संध्याकाळी उघड्या दाराने शिरून मोबाइल उचलणारा आणि मध्यरात्री गज वाकवून आलेला, कायद्याच्या नजरेत एक नाहीत.

या सगळ्यावर कलम ३७ चा लगाम आहे. संरक्षणासाठी गरज आहे त्यापेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या दर्शन सिंग निकालात दोन्ही बाजू एकत्र मांडल्या आहेत : हल्ल्यापुढे पळून जाण्याची सक्ती नाही, प्रतिकार सोन्याच्या काट्यावर तोलायचा नाही, पण हा हक्क सूड घेण्यासाठी नाही आणि धास्ती संपली की तोही संपतो. चोराला पकडून खांबाला बांधल्यावर मारलेला प्रत्येक फटका या हक्काच्या बाहेर आहे. गावोगाव जमावाच्या मारहाणीत चोर, आणि चोर समजून भलतेच लोक मरतात, तेव्हा स्वसंरक्षणाचा बचाव इथेच कोसळतो.

आणि इंग्लंडकडे २००० मध्ये नव्हती ती मधली पायरी आपल्या संहितेत १८६० पासून आहे. हक्क सद्भावनेने बजावताना, आधी ठरवून नव्हे आणि गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा हेतू नसताना मर्यादा ओलांडून मृत्यू घडला, तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध. आता हे कलम १०१ च्या दुसऱ्या अपवादात आहे. शिक्षा तरीही हलकी नाही. मृत्यू घडवण्याचा हेतू असेल तर कलम १०५ खाली जन्मठेप किंवा ५ ते १० वर्षे आणि दंड.

सिद्ध करण्याचा भार मात्र आपल्याकडे आरोपीवर आहे. तो संशयापलीकडे नेण्याची गरज नाही, शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकले एवढे दाखवले तरी पुरते. सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही ते दाखवता येते. आरोपीने हा बचाव स्पष्ट घेतला नसला तरी पुराव्यातून तो दिसत असेल तर न्यायालय त्याचा विचार करते.

नीतीचा प्रश्न

कायदा बाजूला ठेवला तरी १६ वर्षांच्या मुलाचा मृत्यू उरतोच. त्याच्यावर आधीचे गुन्हे होते, तो दुसऱ्याच्या घरात चोरीला आला होता. घरात शिरून त्याने सुरक्षिततेवरचा काही हक्क गमावला, हे मान्य. पण सगळा गमावला का? चोरीला इंग्लंडमध्ये मृत्युदंड नाही, भारतातही नाही. न्यायालय जी शिक्षा कधीच देणार नाही ती घरमालकाने अंधारात द्यावी, याचे समर्थन फक्त एकाच गोष्टीने होते : त्या क्षणी दुसरा जीव वाचवायला दुसरा मार्ग नव्हता. पाठमोऱ्या, पळणाऱ्या माणसाबाबत हे म्हणता येत नाही.

उलट बाजूलाही न्याय द्यायला हवा. घुसखोराचा हेतू काय, हत्यार आहे का, किती जण आहेत, हे झोपेतून उठलेल्या माणसाला कळू शकत नाही, आणि ही अनिश्चितता घुसखोरानेच निर्माण केलेली असते. तिची किंमत घरमालकाने भरावी असे म्हणणे अन्यायाचे आहे. म्हणून चुकीच्या पण प्रामाणिक समजुतीला कायद्याने दिलेले संरक्षण योग्यच आहे. मात्र याच अनिश्चिततेत भलताच माणूसही बळी पडतो. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या बॅटन रूजमध्ये हॅलोवीनच्या पार्टीचा पत्ता चुकून भलत्या दारात गेलेला १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी घरमालकाच्या गोळीने मेला. फौजदारी खटल्यात घरमालक सुटला, दिवाणी न्यायालयाने साडेसहा लाख डॉलरची भरपाई लावली. अंधारात दिसणारी आकृती चोराची आहे, हे बंदूक उचलण्याआधी ठरलेले नसते. घरातलाच कोणी उशिरा आलेला असू शकतो.

घरमालकाला उदार समजल्या जाणाऱ्या अमेरिकी राज्यांतही सीमा आहे. मिनेसोटात लिटल फॉल्स इथे २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये एकाने तळघरात बसून, आत शिरलेल्या १७ आणि १८ वर्षांच्या दोघांना मारले. पहिल्या गोळ्यांचे समर्थन कदाचित झालेही असते. पण जखमी होऊन पडलेल्यांवर त्याने पुन्हा गोळ्या झाडल्या, आणि त्याच्याच ध्वनिमुद्रणात ते सगळे नोंदले गेले. त्यानेही पोलिसांना दुसऱ्या दिवसापर्यंत कळवले नाही. २०१४ मध्ये त्याला पॅरोलशिवाय जन्मठेप झाली.

प्रत्यक्षात काय चुकते

या प्रकरणांत घरमालक फसतात ते बहुधा पहिल्या फटक्याने नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्याने. पहिल्याला भीतीचा आधार असतो. नंतरच्यात राग मिसळतो, आणि जखमांची संख्या व दिशा ते सांगून टाकतात. चोर वळला, खाली पडला, हत्यार टाकले किंवा खिडकीकडे निघाला, की हात थांबला पाहिजे.

आवाज आला म्हणून शोधायला खाली जाणे ही सगळ्यांत मोठी चूक. घरातल्या सगळ्यांना एका खोलीत घ्यावे, आतून कडी लावावी, दार आणि आपण यांच्यामध्ये जड सामान ठेवावे आणि ११२ वर फोन करून पत्ता आधी, बाकीचे नंतर सांगावे. फोन चालू ठेवावा, कारण त्या संभाषणाची नोंद हा पुढे सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. मोठ्याने ओरडून पोलिसांना बोलावल्याचे सांगावे. बहुतेक चोर ओळखले जाण्याच्या भीतीनेच निघून जातात. त्यांची वाट अडवू नये. एवढे करूनही कोणी दार फोडून आत आला, तर धास्तीचे कारण वेगळे सांगावे लागत नाही, तुटलेले दारच ते सांगते.

बळ वापरावे लागलेच तर धोका टळताच रुग्णवाहिका मागवावी, जखमी चोरासाठीसुद्धा. रक्तस्राव दाबून धरता येत असेल आणि ते सुरक्षित असेल तर धरावा. काठी, सुरा, बंदूक जिथे पडले तिथेच राहू द्यावे. फरशी पुसू नये, कपडे धुऊ नयेत, फुटलेली काच गोळा करू नये. चोराच्या हातात चाकू होता असे दाखवायला घरातला चाकू शेजारी ठेवण्याचा मोह काहींना होतो. त्यावर बोटांचे ठसे आणि रक्त जुळत नाही, आणि खरा बचावही त्यासोबत बुडतो. आपल्याकडे पोलीस गुन्हा नोंदवतील, पंचनामा करतील, कदाचित अटकही करतील. तो अपमान नव्हे, ठरलेली प्रक्रिया आहे. चोर कसा आत आला, किती जण होते, फोन किती वाजता केला, एवढे लगेच सांगावे. किती वार, कोणत्या क्रमाने, हा तपशील वकिलाशी बोलून मगच द्यावा, कारण भेदरलेल्या मनाची आठवण क्रम चुकवते आणि पुढे न्यायालयात बदललेला क्रम खोटेपणासारखा दिसतो. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, पण जबाबातल्या विसंगतीवर साक्षीत बोट ठेवले जातेच.